बंद खोलीतला ई-कचरा: एका शिक्षणसंस्थेतल्या निर्लेखनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या शिक्षणसंस्थेतलं आहे. संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. निर्लेखन समितीवर, म्हणजे निरुपयोगी वस्तू नोंदीतून काढून टाकायला मंजुरी देणाऱ्या समितीवर, बाहेरचा सदस्य म्हणून माझा यात सहभाग होता.

संस्थेच्या तळमजल्यावरची एक खोली वर्षानुवर्षं भरत आली होती. काचेच्या पिक्चर ट्यूबचे जुने मॉनिटर, डेस्कटॉपचे डबे, प्रिंटर, बंद पडलेले यूपीएस, प्रोजेक्टर, राउटर, गुंता झालेल्या केबली, चार्जरनी भरलेलं एक खोकं, कपाटात एकावर एक रचलेले लॅपटॉप आणि भिंतीला टेकवलेलं एक मोठं झेरॉक्स मशीन.

एवढं साठलं कसं? आळशीपणा म्हणून सोडून देता येईल, पण तेवढंच कारण नव्हतं. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली होती. रजिस्टरवरची वस्तू बाहेर काढायची तर तांत्रिक अहवाल हवा, निर्लेखनाचा प्रस्ताव हवा, समितीची मंजुरी हवी, आणि पुढे लेखापरीक्षणात उत्तरं द्यायची तयारी हवी. वस्तू पडून राहिली तर कुणी विचारत नाही. टाकणाऱ्याला जाब आणि साठवणाऱ्याला अभय मिळत असेल तर खोल्या भरणारच. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या परीने सुरक्षित निर्णय घेतला होता. त्या सगळ्या सुरक्षित निर्णयांची बेरीज म्हणजे ती खोली.

गाडं हललं ते वेगळ्याच कारणाने. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा तांत्रिक आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक प्रयोगशाळेतली यंत्रं धडधाकट होती, पण विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तितका नवा प्रोसेसर त्यांच्यात नव्हता. नवीन संगणकांची मागणी नोंदवली गेली आणि जुने ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ‘खोली महिन्याभरात रिकामी करा’ असा आदेश निघाला.

अडचण

सुरुवातीला सगळ्यांच्या लेखी ही जागेची अडचण होती. एका भंगार व्यापाऱ्याने खोलीच्या दारातूनच नजर फिरवून एकरकमी बोली दिली. ट्रक त्याचा, हमाल त्याचे, दोन दिवसांत फरशी दिसेल असं त्याने सांगितलं. लेखा विभागाला ते पटलं. एक लॉट, एक पावती, रजिस्टरवर एकच ठराव.

यादी करताना लॅपटॉपचं कपाट उघडलं तेव्हा चित्र बदललं. प्रयोगशाळा सहायकांनी वरचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला, तर तो सपाट बसेना. तळाची पट्टी मधोमध वर आलेली, टचपॅडचा एक कोपरा उचकटून उभा राहिलेला. “सर, हा डुलतोय,” असं म्हणत त्यांनी तळहाताने तो दाबून बसवायला सुरुवात केली. त्यांना तिथेच थांबवावं लागलं.

फुगलेली लिथियम-आयन बॅटरी दाबायची नसते, टोचायची नसते, वाकवायची तर मुळीच नसते. आतला विद्रावक कुजून वायू तयार झालेला असतो आणि धन-ऋण थरांना वेगळं ठेवणारा पडदा अतिशय पातळ असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, उष्णतेने रासायनिक क्रिया भडकते, क्रियेने आणखी उष्णता निर्माण होते आणि ज्वलनशील वाफा बाहेर पडतात. कचऱ्याच्या गाड्यांना आणि पुनर्प्रक्रिया केंद्रांना लागणाऱ्या आगींमागे अशाच, इतर मालात दडून राहिलेल्या बॅटऱ्या अनेकदा सापडतात. इथे कपाटात तशा आणखीही निघाल्या. कपाटाच्या दुसऱ्या खणात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.

त्याच दुपारी दुसरा प्रश्न समोर आला. कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये विद्यार्थ्यांचे अर्ज, पालकांचे उत्पन्नाचे दाखले, कर्मचाऱ्यांची बँक खाती असं सगळं होतं. “डिलीट केलंय ना सगळं?” असं प्राचार्यांनी विचारलं. डिलीट केलं होतं, काही यंत्रं फॉरमॅटही केली होती. पण त्यामुळे फाइल कुठे आहे याची नोंद पुसली जाते. मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो.

म्हणजे ज्याला सगळे ‘लॉट’ म्हणत होते त्यात आग लागू शकेल अशा बॅटऱ्या होत्या, लोकांची खासगी माहिती होती, जुन्या मॉनिटरांतली शिशाची काच होती, अजून पाच वर्षं चालतील अशी यंत्रं होती आणि खरोखरचं भंगारही होतं. पाच वेगळ्या गोष्टींना एकच बोली लागली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जास्तीत जास्त बोली देणाऱ्याला सगळं देऊन टाकण्याचा. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं गैर नव्हतं: संस्थेचा पैसा म्हणजे विद्यार्थ्यांचा पैसा, तो सोडायचा का? पण जास्त बोली कुणाला परवडते, हे पाहायला हवं. ज्याला विल्हेवाटीचा खर्च करावाच लागत नाही, त्याला. तो तांबं काढतो, सर्किट बोर्ड विकतो, चालू सुटे भाग बाजारात नेतो आणि ज्यातून काहीच मिळत नाही ते कुठेतरी टाकतो. संस्थेला मिळणारी जास्तीची रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. केबलवरचं पीव्हीसी प्लास्टिक जाळून तांबं काढताना डायॉक्सिन ही अतिशय विषारी रसायनं तयार होतात. बोर्डावरचं सोनं आम्लात किंवा सायनाइडमध्ये विरघळवल्यावर उरलेलं पाणी गटारात जातं. चीनमधल्या गुइयू गावात अशी कामं वर्षानुवर्षं घरोघरी चालली. तिथल्या मुलांच्या रक्तात शेजारच्या भागातल्या मुलांपेक्षा जास्त शिसं आढळलं. घानाच्या अक्रा शहरातलं अग्बोगब्लोशी याच कारणासाठी जगाला माहीत झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ई-कचऱ्याच्या ढिगांवर वावरणाऱ्या मुलांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल काढला.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भंगार गोळा करणाऱ्या आणि सुटं करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. कोणता स्क्रू कुठे आहे, कोणत्या प्लास्टिकला कुठे गिऱ्हाईक आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. नुकसान होतं ते शेवटच्या टप्प्यांत, जाळण्यात आणि आम्लात बुडवण्यात, आणि ते आधी त्यांचंच होतं.

दुसरा पर्याय, सगळं दान करण्याचा. ऐकायला छान, पण बंद यंत्रं दान करणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. चालू यंत्रांपुरताच हा पर्याय खरा होता.

तिसरा, उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याचा. बऱ्याच देशांत उत्पादकांवर अशी जबाबदारी टाकलेली आहे. नव्यातल्या काही लॅपटॉपसाठी हे शक्य होतं. पण खोलीतल्या अनेक यंत्रांच्या कंपन्याच बंद पडलेल्या किंवा दुसरीत विलीन झालेल्या.

चौथा, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देण्याचा. पैसे कमी, वेळ जास्त, कागदपत्रं भरपूर.

पाचवा पर्याय कुणी उच्चारला नाही, पण तो टेबलावर होता: दाराला पुन्हा कुलूप लावायचं.

निर्णय आणि कार्यवाही

बॅटऱ्यांसाठी समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहण्याचं कारण नव्हतं. फुगलेले लॅपटॉप त्याच दिवशी बाहेर काढले. काढता येण्यासारख्या बॅटऱ्या हलक्या हाताने काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली, प्रत्येक बॅटरी कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात वेगळी ठेवली आणि डबे इमारतीपासून दूर, सावलीत, इतर सामान नसलेल्या जागी नेले. ज्या आत चिकटवलेल्या होत्या त्या काढायचा खटाटोप केला नाही. तो लॅपटॉप आहे तसा वाळूत. चिकटवलेली बॅटरी पेचकसाने उचकटताना होणारे अपघात टाळायचे तर हाच मार्ग. यूपीएसमधल्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा: त्यांच्या वजनाचा मोठा भाग शिसं असतो, त्यांना रीतसर गिऱ्हाईक आहे. फक्त त्या आडव्या ठेवायच्या नाहीत आणि उघड्या भट्टीत शिसं वितळवणाऱ्याकडे जाऊ द्यायच्या नाहीत.

त्यानंतर माहितीचा प्रश्न. इथे समितीत मतभेद झाला. पुनर्प्रक्रिया करणारेच हार्ड डिस्क नष्ट करून प्रमाणपत्र देतात, तर आपण का करायचं, असा एक सूर होता. माझं मत उलट होतं आणि अजूनही आहे: माहिती आपल्या आवारातून बाहेर पडण्याआधी पुसली पाहिजे. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या एमआयटीच्या संशोधकांनी बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या चालणाऱ्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि वैद्यकीय माहितीसुद्धा सापडली. हे जुनं झालं म्हणावं, तर मॉर्गन स्टॅनली या बँकेवर अमेरिकेच्या नियामकाने २०२२ साली साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. माहिती नष्ट करण्याचा काहीच अनुभव नसलेल्या सामान-वाहतूक कंपनीकडे त्यांनी जुनी यंत्रं सोपवली होती आणि ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रं पुढे ऑनलाइन लिलावात विकली गेली. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं तर आपलं काय, या एका वाक्याने सभेतला सूर बदलला.

काम कसं केलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. नेहमीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण नवा मजकूर लिहिला, म्हणजे ओव्हरराइट केलं, की आजच्या डिस्कसाठी ते पुरतं. सात-सात वेळा लिहिण्याची जुनी पद्धत वेळ खाते, फायदा देत नाही. एसएसडीची, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कची, गोष्ट वेगळी. माहिती साठवणाऱ्या पेशी लवकर झिजू नयेत म्हणून एसएसडी स्वतःच मजकूर इकडून तिकडे हलवत राहते आणि काही जागा वापरणाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुना मजकूर कुठेतरी राहू शकतो. तिथे एसएसडीच्या आतच असलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. चालूच न होणाऱ्या डिस्क फोडाव्या लागतात. एसएसडी फोडताना आतल्या चिपांचे तुकडे झाले पाहिजेत, नुसतं कवच वाकवून उपयोग नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी मानक संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका याच पायऱ्या घालून देते. प्रयोगशाळा सहायकांनी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, पद्धत, तारीख आणि सही असा तक्ता केला. पुसलेल्यांतल्या काही डिस्क चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि दुसऱ्या माणसाने परत उघडून तपासल्या.

भिंतीला टेकलेलं झेरॉक्स मशीन मात्र यादीत ‘प्रिंटर व इतर’ या रकान्यात गेलं होतं. भांडारपाल मॅडमनी सहज विचारलं, “यात पण काही साठत असेल का हो?” साठतं. नेटवर्कला जोडलेल्या बहुतेक मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि कॉपी, स्कॅन, फॅक्स केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. मागचं झाकण उघडल्यावर डिस्क मिळाली. परीक्षा विभागाचं मशीन होतं ते. या प्रश्नाबद्दल मॅडमचं श्रेय नोंदवायलाच हवं, कारण आमच्या तांत्रिक तपासणी-यादीत तो नव्हता.

मग आला पुनर्प्रक्रिया करणारा निवडण्याचा टप्पा. इथे लेखा विभागाकडून एक हुशार सूचना आली: सर्किट बोर्ड वेगळे काढून ते चांगल्या भावाने विकू, बाकीचं वेगळं देऊ. बोर्डांना भाव आहेच. सोन्याच्या खाणीतल्या खनिजात टनाला काही ग्रॅम सोनं सापडलं तरी खाण चालते. जुन्या संगणकांच्या बोर्डांत ते टनाला शंभर ग्रॅमच्याही वर असू शकतं, वर तांबं, चांदी, पॅलेडियम. पण मग पिक्चर ट्यूब कोण घेणार? तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात आणि मानेत शिशाची काच असते. एके काळी ही काच वितळवून नव्या ट्यूब बनायच्या. सपाट पडदे आले, ट्यूबचे कारखाने बंद झाले आणि काचेला गिऱ्हाईक उरलं नाही. अमेरिकेत कोलंबस शहरात तर एक कंपनी हजारो टन काच गोदामांत तशीच टाकून निघून गेली. ही काच नीट हाताळायची तर घेणाऱ्याला पदरमोड करावी लागते.

समितीत सगळ्यात जास्त चर्चा याच मुद्द्यावर झाली आणि शेवटी निघालेला निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात शहाणा वाटतो. हाताळणीसाठी लॉट फोडायचा, पण करारासाठी बोर्ड आणि काच एकत्र ठेवायची. बोर्डाच्या किमतीतून काचेचा खर्च निघू द्यायचा. मलई काढून घेऊन उरलेलं ताक दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही.

तीन केंद्रांना पत्रं गेली. दरापेक्षा चार गोष्टी आधी विचारल्या: तुम्ही स्वतः काय करता आणि पुढे काय पाठवता, बोर्ड, काच, बॅटऱ्या आणि आगरोधक रसायनं मिसळलेलं प्लास्टिक नेमकं कुणाकडे जातं, आम्ही प्रत्यक्ष येऊन पाहू शकतो का, आणि पावती वजनावर मिळेल की अनुक्रमांकांवर. एका केंद्राने भेटीला नकार दिला. दुसऱ्याकडे मालाचे तुकडे करणारी मोठी श्रेडर होती, पण तिच्यावर धूळ बसलेली, आणि मागच्या दाराने माल न फोडताच निघत होता. तिसरं लहान होतं. त्यांनी सरळ सांगितलं की बोर्ड आम्ही वितळवत नाही, साठवून मोठ्या स्मेल्टरला, म्हणजे वितळवून धातू वेगळे करणाऱ्या कारखान्याला, जाणाऱ्या मालात देतो. हे उत्तर ऐकून काही सदस्यांना ते केंद्र कमकुवत वाटलं. माझ्या लेखी ते विश्वासाचं लक्षण होतं. बोर्डांमधून धातू स्वच्छपणे काढणारे मोठे कारखाने जगात मोजकेच आहेत; बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनीचा आहे, स्वीडनमध्ये बोलिडेन कंपनीचा रॉनस्कारला. ‘सगळं आमच्याच शेडमध्ये होतं’ असं जो सांगतो, त्याच्या शेडमध्ये आम्लाचे पिंप असण्याची शंका घ्यावी.

प्रमाणपत्रांचीही मर्यादा लक्षात ठेवली. बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत दोनशेच्या आसपास यंत्रांत छुपे ट्रॅकर बसवून ती पुनर्प्रक्रियेला दिली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश परदेशात पोचली. सिएटलमधल्या एका नावाजलेल्या आणि प्रमाणित कंपनीचा माल असाच हाँगकाँगमध्ये सापडला आणि २०१९ साली तिच्या मालकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सीमेपलीकडे जाणाऱ्या धोकादायक कचऱ्यासाठी बासेल करार १९८९ साली झाला, १९९२ पासून तो लागू आहे; १ जानेवारी २०२५ पासून तर धोकादायक नसलेला ई-कचराही घेणाऱ्या देशाच्या आगाऊ संमतीशिवाय पाठवता येत नाही. म्हणून तिसऱ्या केंद्राकडून निर्यातीच्या संमतीच्या कागदाची प्रत देण्याची अट करारात घातली.

राहिली प्रयोगशाळेतली चालू यंत्रं. लॅपटॉप किंवा संगणक बनतानाच त्याच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा खर्च झालेला असतो. तेव्हा तो आणखी चार-पाच वर्षं वापरणं हे कोणत्याही पुनर्प्रक्रियेपेक्षा चांगलं. स्मृती (रॅम) वाढवून आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून निम्म्याहून जास्त यंत्रं वापरण्याजोगी झाली. काही ग्रंथालयात बसवली, बाकीची एका छोट्या शाळेला दिली. टोनरच्या नळकांड्या, प्रोजेक्टरचे दिवे, केबली यांचं वर्गीकरण फारसा वाद न होता पार पडलं.

निष्पत्ती

खोली महिन्याभरात रिकामी झाली नाही. दिलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे काम गेलं आणि नव्या संगणकांची खोकी तोवर सभागृहाच्या मागे पडून राहिली. मिळालेली रक्कम पहिल्या बोलीच्या निम्म्यापेक्षाही कमी होती. लेखापरीक्षणात ‘जास्त बोली का नाकारली’ हा शेरा आलाच. केंद्रांना विचारलेले तेच चार प्रश्न समितीने बोली देणाऱ्यालाही पत्राने पाठवले होते आणि त्याने एकाचंही उत्तर दिलं नव्हतं; ते पत्र फायलीला जोडलेलं होतं. शेरा निकाली निघाला. पुढे दुसऱ्या संस्थेने हेच करायचं ठरवलं तर ते पत्र हा सगळ्यात उपयोगी कागद ठरेल.

बॅटऱ्यांमुळे कुणालाही इजा झाली नाही. माहितीचा तक्ता पूर्ण आहे. अनुक्रमांकांवर दिलेल्या पावतीत आणि आमच्या यादीत काही यंत्रांचा फरक निघाला. शोध घेतल्यावर ती यंत्रं एका विभागाने परस्पर आपल्या कपाटात नेऊन ठेवलेली आढळली. ‘लागली तर’ म्हणून. साठवण्याची सवय इतक्या सहज सुटत नाही.

दान केलेल्या यंत्रांचा शेवट मात्र आम्ही ठरवल्यासारखा झाला नाही. शाळेतल्या काही संगणकांचे पॉवर सप्लाय वर्षभरात गेले. शाळेने आमच्याकडे विचारणा करण्याऐवजी ती यंत्रं भंगारात दिली. त्यांना दोष देता येत नाही: यंत्र बंद पडलं तर परत आणा असं देणगीपत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं, दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा तेही नव्हतं. एवढी काळजी घेऊन जो रस्ता चुकवला होता, त्याच रस्त्याने ही यंत्रं गेली.

पिक्चर ट्यूबच्या काचेबद्दल केंद्राने ‘अधिकृत सुरक्षित भूभरावाकडे रवाना’ असा कागद दिला. तो खरा मानायला जागा आहे, पण बोर्डांसारखा पुढचा माग त्याला नाही. भूभराव, म्हणजे कचरा जमिनीत गाडणं, हा त्या काचेचा चांगला शेवट म्हणवत नाही. आजच्या घडीला उपलब्ध असलेल्यांतला कमी वाईट.

काय वेगळं करता आलं असतं

माहिती पुसण्याचं काम यंत्र निवृत्त होतं त्याच आठवड्यात व्हायला हवं. दहा वर्षांनी यंत्र सुरूच होत नाही, पासवर्ड कुणाला आठवत नाही आणि साधं सॉफ्टवेअरचं काम हातोड्याचं होऊन बसतं. लॅपटॉप कपाटात ठेवायचाच असेल तर बॅटरी काढून ठेवावी. काढता येत नसेल तर ती अर्धवट चार्ज करून ठेवावी आणि अधूनमधून कुणीतरी पाहावी. संस्थेने आता रजिस्टरमध्ये यासाठी दोन रकाने वाढवले आहेत. रजिस्टर ज्यांच्याकडे आहे त्या भांडारपाल मॅडमनाच ‘वर्षातून एकदा निर्लेखन’ सुरू करण्याचा अधिकार दिला आहे, विभागप्रमुखांच्या प्रस्तावाची वाट न पाहता.

देणगीपत्राचा नवा मसुदा एका पानाचा आहे. यंत्र घेणाऱ्याने ते बंद पडल्यावर संस्थेला परत द्यायचं आणि संस्थेने वाहतुकीचा खर्च करायचा. सोबत काही सुटे पॉवर सप्लाय द्यायचे, कारण अशा यंत्रांत आधी तेच जातात आणि एका स्वस्त भागासाठी अख्खं यंत्र फेकलं जातं.

भंगार व्यापाऱ्याला प्रक्रियेतून पूर्ण बाहेर ठेवलं, हे मात्र मला आजही खटकतं. उचलणं, वाहणं, वर्गवारी करणं ही कामं त्याच्या माणसांनी आमच्यापेक्षा लवकर आणि बरी केली असती. त्यांना त्या कामाची मजुरी देऊन माल केंद्राकडे पाठवायचा, असा मधला मार्ग होता. समितीत त्यावर बोलणं झालं, पण कराराचा नमुना तयार नव्हता म्हणून विषय मागे पडला. पुढच्या वेळेसाठी तो नमुना आता लिहिला जातो आहे; हातमोजे, मास्क आणि विमा यांचा खर्च कुणी करायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.

आणि खरेदी. ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. २०३० पर्यंत हा कचरा ८.२ कोटी टनांवर जाईल असा अंदाज आहे. हा ओघ शेवटच्या टोकाला अडवणं फार महाग पडतं. संस्थेने नुकतेच टॅबलेट मागवायचे ठरवले तेव्हा निविदेत पहिल्यांदाच तीन अटी घातल्या: बॅटरी साध्या स्क्रूने काढता यावी, सुरक्षा अद्ययावतीकरण किती वर्षं मिळेल हे लेखी द्यावं, आणि आयुष्य संपल्यावर पुरवठादाराने यंत्र अनुक्रमांकासह परत न्यावं. पहिल्या फेरीत आलेल्या निविदांपैकी एकाही पुरवठादाराने तिन्ही अटी मान्य केल्या नाहीत. समितीने अटी न बदलता निविदा पुन्हा काढली आहे.